रात्रभर सक्शन कप लावून झोपताना

आकार वाढावा म्हणून स्तनांवर सक्शनचे, म्हणजे हवा ओढून घेणारे, कप लावून रात्रभर झोपायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच येतो, झोप लागणार कशी? लागते. मी महिनाभर तशी झोपले आहे, डोंबिवलीच्या उकाड्यात, वन बीएचकेत, भिंतीपलीकडे सासूबाई असताना. कप कसा लावायचा ते खोक्यातल्या कागदावर असतं, दाब किती ठेवायचा ते डॉक्टर सांगतात. पण हात कुठे ठेवायचा, नळी कुठून न्यायची, कूस बदलताना काय करायचं, गळ्यातल्या मंगळसूत्राचं काय, हे कुणी सांगत नाही. ते सगळं इथे लिहिते आहे.

माझा डावा स्तन वयात आल्यापासूनच उजव्याहून बराच लहान होता. लग्न झालं, मूल झालं, दूध पाजून झालं आणि फरक आणखी डोळ्यांत भरायला लागला. सिलिकॉनचं इम्प्लांट मला नको होतं. सर्जननी पोटाची चरबी काढून दोन्ही बाजूंना भरायचं सुचवलं, डावीकडे जास्त, उजवीकडे थोडी. त्याआधी तिथे जागा तयार व्हावी आणि रक्तपुरवठा वाढावा म्हणून चार आठवडे, रोज दहा तास, बाहेरून हलकं सक्शन लावायला सांगितलं. दिवसा नोकरी, घर, लोकल. दहा तास मिळणार ते रात्रीच.

ही कल्पना मायामीचे प्लास्टिक सर्जन रॉजर खौरी यांची. त्यांनी ‘ब्रावा’ नावाचं उपकरण बनवलं आणि २००० साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाड कापून ते रोज थोडं थोडं ताणत नेलं की मधल्या जागेत नवं हाड वाढतं, हे रशियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांनी फार पूर्वी दाखवलं होतं. कातडी, चरबी अशा मऊ ऊतकांनाही तोच न्याय लावायचा, असा त्यामागचा विचार. खौरींच्या त्या अभ्यासात १७ जणींनी सुरुवात केली आणि १२ जणींनी तो पुरा केला. रोज १० ते १२ तास, १० आठवडे. शेवटच्या दिवशी आकार सरासरी जवळपास दुप्पट झालेला दिसला, पण कप थांबवल्यावर त्यातला बराच भाग ओसरला आणि टिकली ती वाढ सरासरी ५५ टक्के. मुळात लहान असलेल्या स्तनाच्या ५५ टक्के म्हणजे काही फार मोठा आकडा नव्हे. शिवाय अभ्यास करणारे आणि उपकरण बनवणारे एकच होते, हेही ध्यानात असू द्या. पाच जणी मध्येच का थांबल्या असतील, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. नीट झोप मिळाली नाही तर हे कुणालाच निभावत नाही.

म्हणूनच मला एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. या प्रकारात झोप लागणं ही चैन नाही, ते माप आहे. दाब बरोबर असेल, काठ नीट बसला असेल, अंगाचा भार कपावर येत नसेल, तर झोप लागते. लागत नसेल तर यातलं काहीतरी चुकलंय, आणि ते सहन करून पडून राहिलात तर सकाळी कातडीवर दिसतं.

झोपायचा कप आणि तासाभराचा कप

बाजारात ‘ब्रेस्ट एन्लार्जमेंट पंप’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं म्हणजे कडक प्लास्टिकचे कप आणि हाताने दाबायचा पंप. हे कप लावून झोपू नका. कारण समजून घ्या, म्हणजे मोह होणार नाही.

रात्रीसाठी जो दाब वापरतात तो साधारण १५ ते २० मिलिमीटर पारा (रक्तदाब मोजतात तेच माप) इतका असतो. २० मिलिमीटर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास २७ ग्रॅमची ओढ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कपाचा व्यास १५ सेंटिमीटर धरला तर एकूण ओढ पावणेपाच किलोंच्या आसपास जाते. स्तन जेवढ्या जोराने बाहेर ओढला जातो, तेवढाच भार कपाच्या काठातून छातीवर टेकतो. काठ जेलचा आणि तीन सेंटिमीटर रुंद असेल तर तो भार दीडशेहून जास्त चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि कातडीवर येणारा दाब २० मिलिमीटरच्या जवळपासच राहतो. काठ अर्धा सेंटिमीटरचा कडक प्लास्टिकचा असेल तर तोच भार इवल्याशा रिंगणावर येतो आणि दाब १४०-१५० मिलिमीटरच्या घरात पोचतो. कातडीतल्या बारीक केशवाहिन्यांमधला दाब असतो ३० च्या आसपास. म्हणजे कडक काठाखाली रक्त जवळजवळ थांबतं. जागेपणी तुम्हाला ते टोचतं, तुम्ही कप काढता. झोपेत तो पाच-सहा तास तसाच राहिला तर फोड येतो, कधी कातडी मरते.

दूध काढायच्या पंपाशीही याची गल्लत करू नका. तो २०० ते २५० मिलिमीटरपर्यंत ओढतो, पण ओढतो-सोडतो, ओढतो-सोडतो, आणि तेही पंधरा-वीस मिनिटांपुरतं. तेवढ्या दाबाची सलग ओढ रात्रभर म्हणजे इजाच.

हातपंपावरचं दाबाचं घड्याळही बघून घ्या. पुष्कळ पंपांवर ० ते ३० इंच पारा असे आकडे असतात. आपल्याला हवे असलेले २० मिलिमीटर म्हणजे पाऊण इंचाहून थोडंसं जास्त. तेवढ्याने काटा जागचा हलल्यासारखाही वाटत नाही, म्हणजे ते घड्याळ तुमच्या कामाचं नाही. झोपायचं असेल तर रुंद मऊ काठाचा कप आणि ठरलेल्या दाबावर आपोआप थांबणारी, दाब उतरला की पुन्हा थोडी हवा ओढणारी बॅटरीवरची डबी, हे दोन्ही हवं.

आधी डॉक्टर

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, स्तनात गाठ असेल, बोंडातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर कप लावायचा नाही. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. माझी सोनोग्राफी झाल्यावरच सर्जननी पुढचं बोलणं काढलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हलक्या ओढीनेही काळेनिळे डाग पडतात. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर दुखणं कळतच नाही. छातीला पूर्वी रेडिएशन दिलं असेल तर हा निर्णय घरी बसून घ्यायचाच नाही.

आणखी एक पक्कं लक्षात ठेवा. झोपेची गोळी घेऊन किंवा दारू पिऊन कप लावून झोपू नका. जास्त ओढ बसली तर दुखून जाग येणं, ही रात्रभरची एकमेव राखण आहे. ती बंद पडता कामा नये.

पहिले काही दिवस

एकदम रात्र काढायला जाऊ नका. आधी संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर बसल्या बसल्या तास-दोन तास लावा. मी टीव्हीसमोर खुर्चीत बसून, वरून ओढणी घेऊन हे केलं. दाब १० मिलिमीटर. कातडीला तीन-चार संध्याकाळी काही झालं नाही की मग पहाटेचे तास धरा: नेहमीसारखं झोपायचं, तीन-साडेतीनच्या सुमाराला जाग आली की कप लावायचे आणि उठेपर्यंत ठेवायचे. अर्धी रात्र आधी कमावलेली असते, त्यामुळे झोप मोडली तरी दुसरा दिवस वाया जात नाही. हा क्रम मला फार उपयोगी पडला. त्यानंतर सबंध रात्र, आणि दाब डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. ‘लवकर होऊ दे’ म्हणून चार मिलिमीटर वाढवावेत असं प्रत्येकीला वाटतं. वाढवू नका. वाढीव ओढीने सूज वाढते, बाकी काही नाही.

लावण्याआधीचा तास

झोप कशी लागणार हे गादीवर पडल्यावर ठरत नाही, त्याआधीच्या तासात ठरतं.

आंघोळ करायची असेल तर झोपण्याच्या तासभर आधी करा, म्हणजे अंगातली ऊब आणि घाम निघून जातो. छाती साध्या सौम्य साबणाने धुऊन टिपून घ्या, घासू नका. तेल, क्रीम, व्हॅसलीन, पावडर, डासांचं मलम यातलं काहीही काठाखाली येता कामा नये. कड घसरते आणि डबी रात्रभर घुर्र घुर्र करत हवा ओढत बसते. खोबरेल तेल लावायची सवय असेल तर ते सकाळी, कप काढल्यावर. काठाखालची लव काढायची असेल तर निदान एक दिवस आधी काढा, त्याच रात्री नको. ताज्या काढलेल्या केसांच्या मुळांशी घामाने पुटकुळ्या येतात.

मंगळसूत्राची एक वाटी काठाखाली आली तर दोन गोष्टी होतात: हवा गळते आणि सकाळी वाटीचा गोल ठसा कातडीत उमटलेला असतो. मी मंगळसूत्र काढून डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन घालत असे. सासूबाईंनी एकदा पाहिलं, विचारलं, मी ‘छातीला उपचार चालू आहेत’ एवढंच सांगितलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जुन्या नऊवारीचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा आणून दिला, “अंगाला हे बांध, टोचणार नाही” म्हणून. त्या तुकड्याइतकं कामाचं दुसरं काही मला मिळालं नाही. पुढे येईलच ते.

कप लावायची जागा पलंग नव्हे. आडवं पडून लावायला गेलं की स्तन दोन्ही बाजूंना पसरतात, काखेकडचा भाग काठाखाली चेमटतो आणि तासाभरात तिथेच ठणकायला लागतं. पलंगाच्या कडेला बसा, गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाका. स्तन मोकळे लोंबू द्या. एका हाताने कप खालून आणा, आधी खालच्या घडीशी काठ टेकवा, मग वर छातीकडे. बोंड मधोमध आहे ना बघा. डबी सुरू करून दाब धरला की मगच सरळ व्हा, आणि मग हळूहळू मागे रेला.

गळती शोधायला ओलं बोट काठाभोवती फिरवा. गळती बहुतेक दोनच जागी असते: स्तनाखालच्या घडीत, नाहीतर काखेच्या बाजूला, जिथे हात हलला की कातडी हलते. काठ दाबून बसवायचा नाही. दाब सोडायचा, पुन्हा वाकायचं, पुन्हा लावायचा. दोन मिनिटं जातात, पण रात्र वाचते.

निजायचं कसं

उताणं, पण सपाट नाही. पाठ कमरेपासून वर साधारण तीस अंश उचललेली हवी. आमच्याकडे घडीचा पलंग वगैरे नाही. मी गादीखाली डोक्याच्या बाजूला दोन गोधड्या घडी करून सरकवल्या, त्यामुळे चढ सलग झाला. उशांवर उशा रचल्या की मान मोडते आणि कंबर खचते, ते करू नका. गुडघ्यांखाली लोड घ्या. लोडाने कमरेची कमान टेकते आणि मुख्य म्हणजे रात्री अंग खाली घसरत नाही. अंग घसरलं की काठ वर सरकतो आणि गळ्याकडच्या हाडाला लागतो, मग जाग येते.

खरी गोष्ट आहे हातांची. उताणं झोपलं की दंड अंगाच्या पातळीपेक्षा खाली पडतात, छातीचा स्नायू ताणला जातो आणि कपाखाली एक विचित्र कळ येत राहते. बहुतेक जणी तिला दाबाची कळ समजतात. दोन्ही बाजूंना एकेक उशी ठेवा आणि दंडापासून मनगटापर्यंत सगळा हात त्यावर ठेवा, खांद्याच्या पातळीत. हे केल्यावर अर्ध्या तक्रारी संपतात. त्याच उशा कूस वळू देत नाहीत, हा दुसरा फायदा.

कुशीवरच झोपायची सवय असेल तर संपूर्ण कूस होणार नाही, पाव कूस होईल. पाठीमागे लांब तक्क्या लावा आणि त्यावर रेलून किंचित तिरपे व्हा. पुढच्या बाजूला दुसरी लांब उशी कवटाळायची, पण ती कपाला टेकणार नाही अशी, पोटापासून खाली. खालचा हात अंगाखाली न ठेवता पुढे पसरायचा. खालच्या बाजूचा कप गादीला लागतोय का ते हात घालून बघा. बोटं सहज जायला हवीत. लागत असेल तर अंगाचं वजन त्या काठावर पडतंय, आणि वर जो हिशेब सांगितला तो सगळा कोलमडला. मऊ फोमच्या गादीत अंग रुततं आणि कप टेकतो. साधी कापसाची गादी याला उत्तम.

पालथं झोपणाऱ्यांसाठी उपाय नाही. त्यांनी पहिला आठवडा आरामखुर्चीत काढून उताणं झोपायची सवय करावी.

नळी खांद्यावरून वर न्यायची, बगलेतून नाही. बगलेतून नेलेली नळी कूस बदलताना अंगाखाली दबते, दाब कळेनासा होतो. खांद्यावर कागदी चिकटपट्टीने तिचा एक सैल वेढा चिकटवा, म्हणजे ओढ बसली तरी ती वेढ्यावर बसते, कपावर नाही. डबी उशाखाली ठेवू नका, तापते. उशाशी स्टुलावर चार घड्या केलेला टॉवेल टाकून त्यावर ठेवा, आवाज निम्म्याने कमी होतो. नवऱ्याला आधी सांगून ठेवा की रात्री मधून मधून फुस्स असा आवाज येईल. मूल शेजारी झोपत असेल तर त्याला पलीकडच्या बाजूला घ्या. आमच्या मुलीचा पाय झोपेत नेमका नळीवर यायचा.

आणि अंगावर काय घालायचं? कपाला आधार हवा, पण दाब नको. घट्ट स्पोर्ट्स ब्रा घातली की काठावर वरून आणखी भार येतो. नेहमीच्या मापाहून दोन माप मोठी, बिनतारेची सुती फीडिंग ब्रा घेतलीत तर तिच्या पुढच्या झडपा उघडून कप बसतो. मला तीही टोचायची. म्हणून तो नऊवारीचा तुकडा. पाठीमागून आणून कपांच्या खालून, झोळीसारखा सैल बांधायचा, गाठ पुढे पोटावर, पाठीवर नाही. गाठीत हाताचा पंजा सहज जायला हवा. वरून पुढे बटणं असलेला ढगळ सुती कुडता.

उकाडा

डोंबिवलीत मे महिन्यात रात्री दोन वाजताही हवेत पाणी असतं. कपाच्या आत वाफ धरते, थेंब ओघळून खालच्या काठाशी जमतात, कड सुटते, घामोळं येतं. एसी असेल तर २५-२६ वर ठेवा. नसेल तर पंख्याचा झोत थेट छातीवर घ्या आणि चादर कमरेपर्यंतच. मध्यरात्री लघवीला उठालच, तेव्हाच एकदा कप काढून आतून आणि छाती दोन्ही सुक्या सुती फडक्याने टिपा, पाच मिनिटं वारं लागू द्या, मग पुन्हा लावा. मलमलचा तुकडा काठाखाली घालून घाम टिपायचा प्रयत्न करू नका. हवा गळते आणि घडीचा वळ उठतो.

घामोळं आलं असेल त्या रात्री सुट्टी. पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस स्तन जड आणि हुळहुळे होतात, तेव्हा दाब १० वर आणा किंवा कप ठेवूनच द्या. महिन्यातले चार दिवस कमी झाल्याने काही बिघडत नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं. भरल्या पोटावर उताणं झोपून छातीवर हे ओझं, म्हणजे आंबट ढेकरा ठरलेल्या.

जाग आली तर

नुसती जाग आली तर काही हलवू नका, पाच लांब श्वास पोटातून घ्या. कप लावल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते म्हणून आपण नकळत वरवर श्वास घेतो आणि त्यानेच जीव घाबरा होतो. पोट वर-खाली होऊ द्या.

ठणकून जाग आली तर मात्र तिथेच थांबायचं. दाब सोडा, बोट काठाखाली घालून हवा आत जाऊ द्या, मग कप उचला. दाब असताना कप ओढून काढायचा नाही, कातडी सोलली जाते. दिवा लावून बघा. काठाच्या जागी गुलाबी कडं दिसणारच. बोटाने दाबल्यावर ते पांढरं पडतं आणि बोट उचलल्यावर परत गुलाबी होतं का? होत असेल तर ठीक. पांढरं पडत नसेल, जांभळं असेल, बारीक लाल ठिपके पसरले असतील, पाणी धरलं असेल किंवा बोंड बधिर वाटत असेल, तर त्या रात्री पुन्हा लावू नका.

दोनदा लावून दोनदा जाग आली तरीही काढून ठेवा आणि झोपा. सकाळी सहाला उठून डबे करायचे आहेत, लोकल पकडायची आहे. दहाच्या ऐवजी चार तास झाले तर चार.

सकाळी

कप काढले की छाती कोमट पाण्याने धुवा, टिपा, आणि आता साधं खोबरेल तेल किंवा सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर काठाच्या जागी लावा. गुलाबी कडं अर्ध्या तासात मावळायला हवं. तासाभरानंतरही तसंच असेल तर पुढची रात्र सुट्टी. फोड आला तर फोडू नका, आणि तो पूर्ण बरा होऊन नवी कातडी येईपर्यंत कप नाही. पू, ताप, अंगावर पसरत जाणारी लाली, बोंडातून रक्त किंवा नवीन गाठ, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर.

कप सौम्य साबणाने, कोमट पाण्याने धुवायचे आणि सावलीत सुकवायचे. उन्हात जेलची कड कडक होत जाते. पावसाळ्यात ते लवकर सुकत नाहीत, म्हणून स्वच्छ फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा. नळीत पाणी जाऊ देऊ नका.

सकाळी आरशात जो आकार दिसतो त्याने हुरळून जाऊ नका. ती बरीचशी सूज असते, दुपारपर्यंत उतरते. पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ सगळी सूजच. पण सर्जनच्या हिशेबात ती सूजही वाया जात नाही, कारण ऊतक सैल झालेलं, रक्त खेळतं असलेलं त्यांना हवं असतं. खौरींच्या पुढच्या, २०१२ साली आलेल्या अभ्यासात हीच पद्धत होती: आधी चार आठवडे कप, मग चरबी भरणं, मग पुन्हा काही दिवस कप. वर्षभरानंतर मोजलं तेव्हा भरलेल्या चरबीतला मोठा हिस्सा टिकलेला होता. नुसत्या कपांवर भिस्त ठेवण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त खरा वाटला.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री वेगळ्या असतात. पोटावरून चरबी काढलेली, तिथे घट्ट पट्टा, कुशीवर वळायची सोयच नाही. महिनाभर उताणं झोपायची जी सवय झालेली असते ती इथे खरी कामी येते. तेव्हा कप कधी लावायचा आणि किती दाबावर, हे सर्वस्वी सर्जन सांगतील तसंच. नव्याने भरलेल्या चरबीला जास्त ओढही सोसत नाही आणि बाहेरचा भारही नाही, म्हणून या दिवसांत तो नऊवारीचा तुकडा मी आणखी सैल बांधायची आणि मुलीला आजीच्या खोलीत झोपवायची.

नुसते कप वापरून थांबायचं ठरवलं असेल तर एकाएकी बंद न करता आठवडाभर तास कमी करत आणा. मोजायचं ते नेहमी संध्याकाळी, उभं राहून, एकाच टेपने, आणि पाळीनंतरच्या त्याच दिवसांत. शेवटचं माप थांबल्यावर निदान महिन्याने घ्या. डॉक्टरांना सांगायचा आकडा तो.